दगडओळख

"मंडळाला साठ वर्षं होत आली," पांढरीपांडे सर म्हणाले. "भिंतीवर तेवीस माजी अध्यक्षांचे फोटो आहेत आणि तेवीसच्या तेवीस पुरुष. मी चोविसावा. माझ्यानंतर आता एक बाई यायला हवी."

१९९१ च्या नोव्हेंबरमधली ही गोष्ट. नागपूरला, मध्यप्रांत भूशास्त्र मंडळाच्या जुन्या कौलारू बंगलीत कार्यकारिणीची बैठक चालू होती. मी चिटणीस, म्हणून इतिवृत्त लिहीत होते. सरांचं वाक्य पुरं झालं आणि माझं पेन थांबलं. अध्यक्ष होण्याइतक्या मुरलेल्या बायका मंडळात दोनच होत्या. त्यातली एक अकरा वर्षं चिटणीस होती. तिनं दर वर्षी अंकाची मुद्रितं तपासली होती, पाहुण्यांच्या राहण्याची सोय लावली होती आणि त्या तेवीस जणांच्या काचा दर दिवाळीला स्वतः पुसल्या होत्या. आपलंच नाव आपल्याच हातानं कसं लिहावं, असा मला संकोच वाटला.

"प्रमिला धोटे यांचं नाव मी सुचवतो," सर म्हणाले.

मी लिहिलं. अनुमोदन कोणी दिलं तेही लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे आणि त्या पानावरही ते चांगलंच आलं आहे.

प्रमिला आणि मी एकाच वर्गातल्या. एम. एस्सी.ला भूशास्त्राच्या वर्गात आम्ही दोघीच मुली होतो आणि पांढरीपांडे सर आमचे प्राध्यापक. कॅम्पला आम्हां दोघींत एक तंबू आणि एक हातोडा मिळायचा. ती आर्वीकडची. चुरगळलेली साडी, सुटलेली वेणी, दुसऱ्याच्या डब्यात बिनदिक्कत हात. दगड हाती आला की आधी त्याला जीभ लावायची. ओल्या दगडात खनिजं उठून दिसतात हे खरं, पण त्यासाठी मी पाण्याची बाटली बाळगत असे. शेवटच्या परीक्षेत तिला माझ्यापेक्षा चार गुण जास्त पडले आणि सुवर्णपदक तिला मिळालं. पुढे ती सर्वेक्षणाच्या सरकारी नोकरीत डोंगर तुडवत राहिली, मी कॉलेजात शिकवत राहिले. ती सगळ्यांना आवडायची आणि नेमकं तेच मला आवडायचं नाही.

त्या वर्षी तर सर दर रविवारी तिला घरी बोलवत. मला एकदाही बोलावलं नाही. दार लावून दोघं दोन-दोन तास बसत, असं मला सरांच्या सूनबाईंनीच सांगितलं होतं. बैठकीतून घरी जाताना मला ते रविवार आठवले, आणि हे सगळं कुठे शिजलं ते कळलं असं वाटलं.

अध्यक्षपद मला पुढेमागे मिळालं असतं. पण भिंतीवरची पहिली बाई एकच असते. दुसऱ्या बाईचं नाव कोणी विचारत नाही.

प्रमिला चार दिवसांनी दौऱ्यावरून परतली ती थेट बंगलीत आली. माझ्या टेबलावरच्या चिवड्यात हात घालत म्हणाली, "काहून वं नले, तोंड पाडून बसली? खरं सांगू का, तुलेच करायले पाहिजे होतं अध्यक्ष. मले कुठं जमते हे भाषणं-बिषणं."

"मग नाही म्हणायचं होतं," मी हसत हसत म्हणाले.

"सराले नाही म्हणता येते का? तू हायेस नं पाठीशी. सांभाळून घेशील."

सांभाळून घेणं हेच तर अकरा वर्षं चाललं होतं.

आता मंडळाची एक रीत सांगायला हवी. मावळता अध्यक्ष आपल्या आवडीचा एक दगड निवडतो आणि पिवळ्या फडक्यात बांधून चिटणिसाकडे देतो. वार्षिक सभेत नव्या अध्यक्षानं सगळ्यांसमोर ते फडकं सोडायचं, भिंगातून दगड बघायचा आणि तो कोणता, कुठला ते सांगायचं. याला आम्ही दगडओळख म्हणतो. मग देणारा आपली चिठ्ठी मोठ्यानं वाचतो: खडकाचं नाव, ठिकाण, दगड उचलल्याची तारीख. त्यानंतर दगड काचेच्या कपाटात, देणाऱ्याच्या फोटोखाली जातो. चिठ्ठीवर शेवटी कोणी ओळखला त्याचं नाव टाइप करतात. साठ वर्षांत दोघेच चुकले होते. त्यांच्या नावापुढे 'ओळखता आला नाही' असं लिहिलेलं आहे आणि ते दोघंही त्यांच्या कामापेक्षा त्या तीन शब्दांसाठीच जास्त लक्षात राहिले.

सभेच्या नऊ दिवस आधी सर बंगलीत आले. खिशातून पिवळं पुडकं काढून त्यांनी माझ्यासमोर धरलं, पण माझ्या हातापासून वीतभर बाजूला. मला वाटलं, माझ्याकडे नीट बघायचीही यांना गरज वाटत नाही. मीच हात पुढे करून ते घेतलं.

"उघडून बघ," सर म्हणाले. "प्रमिलाला सांगू नकोस."

आत गोंडाइट होता. मँगनीजच्या खाणींच्या पट्ट्यात सापडणारा, गार्नेटच्या दाण्यांचा खडक, वरून पावसापाण्यानं काळा पडलेला. नागपुरात भूशास्त्र शिकणारं पहिल्या वर्षाचं पोरही तो ओळखतं. सरांनी तो परत घेतला, अंगठ्यानं चाचपला, तळहातावर तोलला.

"मनसरचा. माझ्या टेबलावर चाळीस वर्षं होता. वजन बघ याचं."

"पण सर, हा फार सोपा आहे," मी म्हणाले.

"सोपाच द्यायचा आहे. पहिल्या बाईची परीक्षा घ्यायची नाही मला."

मी मान हलवली. सर गेल्यावर दार लावून घेतलं आणि बराच वेळ तो दगड समोर ठेवून बसले. मला कोणी कधी सोपं काही दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी, सात डिसेंबरला, मी मुलांना घेऊन भंडाऱ्याकडे सहलीला गेले होते. परतताना रस्त्यालगत एका बंद पडलेल्या भट्टीमागे स्लॅगचा ढीग दिसला. स्लॅग म्हणजे धातू गाळल्यावर उरणारी टाकाऊ मळी. काळी, जड, बारीक भोकाभोकांची. न सांगता कोणाच्या हाती दिली तर अग्निजन्य खडकच वाटावी. मी बस थांबवली आणि मुलांना ती दाखवली. एक तुकडा सरांच्या गोंडाइटएवढाच होता. तो पिशवीत टाकला. रात्री नेहमीप्रमाणे वहीत नोंद केली: ठिकाण, तारीख, नमुना क्रमांक. त्या वेळेपर्यंत मी काही ठरवलं नव्हतं असं मला म्हणता आलं असतं, पण ते खोटं आहे.

हिशेब साधा होता. प्रमिला घाईची. ती बघेल, बसाल्ट किंवा तसलं काहीतरी म्हणेल. सर गोंडाइट म्हणून सांगतील. मी लगेच दगड ताब्यात घेईन आणि कपाटात खरा ठेवीन. तिनं चुकून स्लॅग ओळखलाच, तर 'सरांनी दिला तोच आणला' असं म्हणायचीही माझी तयारी होती. सरांचं काय होईल, याचा विचार मी केला नाही. त्यांनी तरी माझा कुठे केला होता?

पंधरा डिसेंबरला सभागृह भरलं होतं. प्रमिला नवी रेशमी साडी नेसून आली होती, तीही चुरगळलेलीच. मी तबकातून पिवळं पुडकं तिच्यासमोर ठेवलं. तिनं फडकं सोडलं, तुकडा उचलला, भिंग डोळ्याला लावलं. मी तिच्या अंगठ्याकडे बघत होते. तो एका भोकापाशी थांबला. मग तिनं भिंग खाली घेतलं.

आयुष्यात पहिल्यांदा प्रमिलानं हातातल्या दगडाला जीभ लावली नाही. लोकांसमोर लाजली असेल, असं मला वाटलं.

तिनं आधी सरांकडे पाहिलं. सर समोर कुठेतरी बघून हसत होते. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. मी तबक घट्ट धरलं होतं.

"मला हा दगड ओळखता येत नाही," ती म्हणाली.

सभागृहात कुजबुज झाली. कोणीतरी म्हणालं, "अंदाज तरी सांगा."

"नाही. अंदाजही नाही." तिनं तुकडा पुन्हा फडक्यात बांधला, दोन गाठी मारल्या आणि माझ्या तबकात ठेवला.

सर उठले. चिठ्ठी खिशातून न काढताच म्हणाले, "अगं प्रमिला, गोंडाइट! मनसरचा."

हशा पिकला. गोंडाइटच्या पट्ट्यात वीस वर्षं नकाशे काढलेल्या बाईला गोंडाइट ओळखू आला नाही. प्रमिलाही हसली. कानाची पाळी धरून म्हणाली, "सर, चुकलं." लोक आणखी हसले. मीही हसले आणि मला बरं वाटलं. फार बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

त्या दुपारी मी सरांच्या फोटोखाली खरा गोंडाइट ठेवला आणि चिठ्ठी टाइप केली. शेवटच्या ओळीत: 'ओळखता आला नाही: प्र. धोटे.' स्लॅगचा तुकडा घरी नेऊन कपाटाच्या तळाशी टाकला.

पुढे दोन वर्षं कॉलेजातली पोरं तिला पाठीमागे 'गोंडाइटबाई' म्हणत. तोंडावर म्हटलं तरी ती चिडत नसे. व्याख्यानाला उभी राहिली की मागून कोणीतरी विचारी, "मॅडम, हा दगड ओळखता येतो ना?" त्यावर तीच आधी हसे. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिनं अध्यक्षपद चांगलं चालवलं. दुसऱ्या वर्षी पांढरीपांडे सर वारले. स्मशानात ती ढसाढसा रडली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि मनात म्हटलं, हिला रडायचाही हक्क माझ्याहून जास्त.

१९९३ च्या नोव्हेंबरात एका दुपारी ती बंगलीत आली. मी टाइप करत होते. खुर्ची ओढून माझ्याजवळ बसली.

"नले, एक इचारू? तो दगड तूच बदलला नं?"

माझी बोटं टाइपरायटरवर तशीच राहिली. "कोणता दगड?"

"सराचा. आता सर नाहीत, बोलाले हरकत नाही. मले दुसऱ्याच दिवशी समजलं होतं."

तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला.

"सराले दिसत नव्हतं वं. काचबिंदू. कोणाले सांगू नको म्हणून शपथ घातली होती मले. रविवारी मी काय गप्पा माराले जात होती का? अंकाचे लेख वाचून दाखवायची त्यायले. त्या दिवशी फडकं सोडलं अन् हातात स्लॅग. माह्यं काळीज असं चर्र झालं. म्हटलं, म्हाताऱ्यानं चाचपडत भलतंच उचललं."

"मग तू..." मी म्हणाले.

"मग काय करू? स्लॅग म्हटलं असतं तर भर सभेत सराची काय गत झाली असती? अन् काय समजून उचलला ते मले काय माहीत. अंदाज केला असता तर चार जणायनं दगड हातात मागितला असता. म्हणून म्हटलं नाही ओळखता येत, अन् दोन गाठी मारून तुह्या तबकात टाकला. दुसऱ्या दिवशी कपाटात पाहते तं खरा गोंडाइट. म्हटलं, नलीनंही ओळखलं. कोणाले काही न बोलता कुठून तरी चांगला दगड आणला अन् सराची लाज राखली."

ती डोळे पुसत होती.

"मी फक्त तोंड बंद ठेवलं. काम तू केलं. त्याच दिवशी ठरवलं होतं, माह्यानंतर अध्यक्ष तूच. काल कार्यकारिणीतल्या एकेकाच्या घरी जाऊन तुह्यं नाव सांगून आली."

मी म्हणाले, "चहा घेशील?"

तिच्या डोक्यात माझ्याबद्दल संशय आलाच नव्हता. तीन जणांच्या हातांतून तो दगड गेला, त्यातल्या एका आंधळ्या म्हाताऱ्यावर तिनं चूक घातली, ती स्वतःच्या अंगावर घेतली, आणि तिसरीला त्यातून पुण्य दिलं. गुण माझ्यापेक्षा चारच जास्त होते असं मी इतकी वर्षं समजत होते.

डिसेंबरात तिचा फोटो भिंतीवर लागला, पंचविसावा, त्या रांगेतला पहिला पदर. मी नवी अध्यक्ष म्हणून फडकं सोडलं. आत कायनाइट होता, आमच्या पहिल्या कॅम्पातला, निळ्या पात्यांचा. शेवटच्या रांगेतूनही ओळखू यावा असा. मी नाव सांगितलं, टाळ्या पडल्या आणि चिठ्ठीवर माझं नाव स्वच्छ उमटलं. प्रमिला सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होती.

मग दोन वर्षं मी त्या हॉलमध्ये अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. खुर्चीच्या बरोबर समोर सरांचा फोटो, खाली गोंडाइट आणि ती चिठ्ठी. प्रमिला प्रत्येक कार्यक्रमात माझी ओळख करून देताना "आमच्या नलीसारखं मन कोणाचं नाही" असं काहीतरी म्हणे. मला तिचा राग येई. मग लाज वाटे, आणि लाज वाटली की पुन्हा राग येई, कारण लाजेच्या बाबतीतही ती मोकळी होती. तिला खाली बघायला लावणारं काहीच तिच्याकडे नव्हतं.

१९९५ च्या सभेत मी मावळती अध्यक्ष होते. सकाळीच माझा फोटो लागला होता. नवे अध्यक्ष डॉ. इंदूरकर, तरुण आणि चुणचुणीत. त्यांनी माझं पिवळं फडकं सोडलं, भिंग लावलं, जीभ लावली, तोंड वाकडं केलं.

"मॅडम, रागावू नका," ते म्हणाले, "पण हा दगडच नाही. स्लॅग आहे."

सभागृह खदखदून हसलं. मोहरील मॅडमनी, म्हणजे मी, शेवटी गंमत केली, असं लोकांना वाटलं. मी पहिल्या रांगेत बसलेल्या प्रमिलाकडे बघितलं. तीही हसत होती. मी तो तुकडा आठवण म्हणून जपून ठेवला होता, असं तिला वाटलं असणार.

मी चिठ्ठी काढली. ती वाचणं रीतीप्रमाणे भागच होतं.

"स्लॅग," मी वाचलं. "भंडारा रस्ता, जुन्या भट्टीमागचा ढीग. उचलणारी, नलिनी मोहरील. तारीख, सात डिसेंबर एकोणीसशे एक्क्याण्णव."

लोक टाळ्या वाजवू लागले. तारखेकडे कोणाचं लक्ष नव्हतं. आमच्या सभेत तारखा कोण ऐकतं? प्रमिलाचं हसू मात्र ओठांवर तसंच राहिलं आणि डोळे थांबले. ती मनात दिवस मोजत होती. सात डिसेंबर. सभा पंधराला.

ती उठली आणि व्यासपीठावर आली. टाळ्या विरल्या. तिनं माझ्या हातातली चिठ्ठी घेतली, चष्मा लावून वाचली.

"तारीख बरोबर आहे?" तिनं विचारलं.

"बरोबर आहे."

"वहीत बघून लिहिली?"

"हो. त्याच दिवशी नोंद केली होती."

तिनं चिठ्ठीची घडी केली आणि मला परत दिली. मग ती कपाटापाशी गेली. सरांच्या फोटोखालची काच सरकवली, गोंडाइट बाहेर काढला. चार वर्षांची धूळ पदरानं पुसली. हिचं काय चाललंय, ते कोणाला कळत नव्हतं. प्रमिलानं दगड तोंडाजवळ नेला आणि जीभ लावली. उजेडाकडे धरला. भिंगाची तिला गरज पडली नाही.

"गोंडाइट," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "मनसरचा."

तिनं तो जागेवर ठेवला. खालची पिवळी पडलेली चिठ्ठी उचलून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. वीस-पंचवीस वर्षं तिनं मला कधी नलीशिवाय हाक मारली नव्हती.

"एवढी शेवटची ओळ बदलून द्या, मोहरील मॅडम," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरून आपल्या जागेवर जाऊन बसली.